रेवसची खाडी आणि रुंद कोनाचें भिंग

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच बंदराचें पाणी ओलांडून दक्षिणेकडे जाते व धरमतर खाडीच्या मुखाशीं रेवसच्या धक्क्याला लागते. अलिबाग तालुक्याचें हें उत्तरेकडील टोंक. धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे समोर खाडीपलीकडे उरण तालुक्यांतील करंजा आणि त्यामागें द्रोणागिरीचा डोंगर दिसतो. डाव्या हातास उघडें पाणी. उजव्या हातास आंत आंत शिरत जाणारी खाडी, तिच्या कांठचा चिखल आणि तिवरांचे पट्टे. दृष्टीच्या आड येईल असें कांहीं नाहीं. अशा ठिकाणीं कॅमेरा घेऊन आलेल्या मनुष्यास पहिली इच्छा होते ती हें सर्व एका चौकटींत सांठवावें अशी. आणि त्या इच्छेपायीं तो आपल्याजवळ असेल त्यांतलें, किंवा दुकानांत मिळेल त्यांतलें, जास्तींत जास्त रुंद कोनाचें भिंग निवडतो. घरीं जाऊन चित्र पाहतो तों डोंगराची झालेली असते एक रेघ, करंजाचे झालेले असतात चार ठिपके. वर अर्धी चौकट आकाश आणि खालीं अर्धी चौकट चिखल. जें पाहून मन हरखलें होतें तें चित्रांत कोठेंच नसतें.

दोष भिंगाचा नाहीं आणि रेवसचाही नाहीं. रुंद कोनाचें भिंग कोणत्या अडचणींतून जन्मास आलें याचा विसर पडल्यामुळें ही निराशा पदरीं येते. हौशी माणसाची निराशा म्हणून ती सोडूनही देतां आली असती. परंतु रेवसच्या बाबतींत हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहिलेला नाहीं. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ या काळांत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, त्या वेळेपासून रेवस ते रेडी असा सागरी रस्ता आणि त्यांतला रेवस-करंजा पूल यांची चर्चा चालत आली. पुष्कळ वर्षें तो पूल कागदावरच राहिला. आतां महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळानें तें काम हातीं घेतलें आहे. पूल उभा राहिला म्हणजे पेण-वडखळचा वळसा वांचेल, आजारी मनुष्य वेळेवर मुंबईस पोंचेल, आणि भरती-ओहोटीकडे डोळे लावून बसण्याचें कारण उरणार नाहीं. त्याबद्दल कोणी हळहळण्याचें कारण नाहीं. परंतु लाँचनें खाडी उतरण्याची जी रीत पिढ्यान् पिढ्या या किनाऱ्यानें पाळली, ती त्यानंतर पूर्वीसारखी राहणार नाहीं. ती छायाचित्रांत उतरवून ठेवावयाची असेल तर वेळ थोडा आहे, आणि भिंगाची निवड चुकली तर नेमकें तेंच निसटेल जें ठेवावयाचें होतें.

येथें भिंगाच्या मापाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. फार दूरच्या वस्तूचें स्पष्ट चित्र भिंगापासून जितक्या अंतरावर उमटतें त्या अंतरास नाभ्यंतर म्हणतात, आणि तें मिलिमीटरांत मोजतात. छत्तीस मिलिमीटर रुंद व चोवीस मिलिमीटर उंच अशी जी नेहमींची छोटी चौकट, तीवर ५० मिलिमीटरचें भिंग आडवें सुमारें ४० अंश पाहतें. ३५ चें भिंग ५४ अंश, २८ चें ६५ अंश, २१ चें ८१ अंश, आणि १५ चें तर शंभर अंश. म्हणजे आंकडा जितका लहान तितका कोन रुंद. पण ही रुंदी फुकट मिळत नाहीं. समजा, दोनशें मीटर उंचीचा एक डोंगर चार किलोमीटरांवर आहे. ५० च्या भिंगानें त्याचें चित्र अडीच मिलिमीटर उंच पडेल; २८ च्या भिंगानें सुमारें दीड; आणि २१ च्या भिंगानें जेमतेम एक मिलिमीटर. चौकटीची उंची चोवीस मिलिमीटर आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे द्रोणागिरीची रेघ कां होते हें सांगावयास नको. डोळ्याला मात्र तो डोंगर मोठा दिसतो, कारण मन ज्याकडे लक्ष देतें त्याला मोठें करतें आणि बाकीचें आकाश व चिखल सोडून देतें. भिंगाला ही निवड करतां येत नाहीं.

मग असें भिंग हवें तरी कोणाला होतें? याचें उत्तर पश्चिम हिंदुस्थानांत छायाचित्रणाचा आरंभ झाला त्या काळांतच सांपडतें. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद. नारायण दाजींनीं तर स्वतः या कलेंत नांव मिळविलें. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिचंद चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार त्याच पिढींतले. सरकारास या नव्या विद्येचा उपयोग दिसला तो प्राचीन वास्तु आणि लेणीं यांच्या नोंदीसाठीं. तोंवर हें काम चित्रकार करीत आणि त्यास वर्षेंच्या वर्षें लागत. १८५५ सालींच कॅप्टन टॉमस बिग्ज याला मुंबई सरकारनें या कामावर नेमलें व त्यानें विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारतींचीं चित्रें घेतलीं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या मेजर रॉबर्ट गिलनेंही पुढें कॅमेरा हातीं घेतला. त्याच्या छायाचित्रांचीं पुस्तकें १८६४ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालीं.

या लोकांची खरी अडचण कोणती होती हें समजून घ्यावयाचें तर फार दूर जावयास नको. रेवसची लाँच ज्या बंदरांतून येते त्याच बंदरांत घारापुरी आहे. तेथील मुख्य लेण्यांत त्रिमूर्ति या नांवानें प्रसिद्ध असलेली सदाशिवाची मूर्ति सुमारें साडेपांच मीटर उंच आहे. तिच्या दोन्ही अंगांस अर्धनारीश्वर आणि गंगाधर यांचीं भव्य शिल्पें. या शिल्पांसमोर कॅमेरा मांडून सबंध शिल्प घ्यावयाचें तर मागें सरकावें लागतें, आणि मागें सरकावें तर दगडी खांब आड येतात. खांबांच्या पुढें उभें राहावें तर शिल्पाचें मस्तक तरी कापलें जातें, नाहींतर पाय. शिवाय लेण्यांत अंधार, आणि त्या काळच्या ओल्या कांचेवर चित्र घ्यावयाचें म्हणजे कांच वाळण्यापूर्वीं सगळें आटोपावयाचें. १८४० सालीं पेट्झव्हालनें बनविलेलें जें भिंग माणसांच्या तसबिरींसाठीं सर्वत्र वापरलें जाई तें भरपूर प्रकाश घेई खरें, पण पाही मात्र अगदीं अरुंद. साध्या एकेरी भिंगाचा कोन थोडा अधिक रुंद. पण त्यांतून खांबाची सरळ कड चौकटीच्या बाजूस वांकलेली दिसे. लेण्याचा खांब वांकडा दाखविणारें चित्र पुराणवस्तुशास्त्राच्या काय कामाचें?

भिंती आणि खांब यांच्यामध्यें कोंडलेल्या छायाचित्रकाराला, सरळ रेघ सरळ ठेवील आणि अधिक पाहील असें भिंग हवें होतें. ही मागणी एकट्या घारापुरीची नव्हे. यूरोपांत चर्चच्या आंत आणि अरुंद गल्ल्यांत हेंच दुखणें होतें. म्हणून पुढील चाळीस-पन्नास वर्षें कारागीर त्यामागें लागले. इंग्लंडांत टॉमस सटन यानें १८५९ सालीं कांचेच्या गोलांत पाणी भरून एक भिंग केलें. त्याला वांकडी कांचच लागे, म्हणून तें फार चाललें नाहीं. १८६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हॅरिसन व श्निट्झर यांनीं दोन अर्धगोल समोरासमोर ठेवून ग्लोब नांवाचें भिंग काढलें. त्यांतली एक गोष्ट महत्त्वाची : पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग एकमेकांचें प्रतिबिंब असावेत, म्हणजे एकानें वांकविलेली रेघ दुसरा सरळ करतो. रुंद कोनाच्या भिंगांच्या पुढील इतिहासांत ही युक्ति पुन्हां पुन्हां भेटते. १९०० सालचें गर्झ कंपनीचें हायपरगॉन हें या मार्गाचें टोंक म्हणावें लागेल. केवळ दोन पातळ गोलाकार कांचा, पण कोन सुमारें १३५ अंश! मात्र मध्यभागीं प्रकाश इतका जास्त आणि कडेला इतका कमी पडे कीं भिंगासमोर ताऱ्याच्या आकाराचें एक लहान चक्र हवेच्या फुग्यानें फिरवावें लागे, तेव्हां कोठें प्रकाश सारखा होई.

हें चक्र हास्यास्पद वाटेल, पण त्यामागचा नियम आजही सुटलेला नाहीं. भिंगाच्या मध्यरेषेपासून प्रकाशकिरण जितका तिरपा जाईल तितका तो कोपऱ्यांत क्षीण होतो, आणि ही घट भूमितीच्या नियमानें फार वेगानें होते. साध्या समप्रमाण रचनेच्या २१ मिलिमीटर भिंगाच्या अगदीं कोपऱ्यांत मध्याच्या मानानें जवळजवळ चौथाईच प्रकाश पोंचतो. २८ च्या कोपऱ्यांत दोन पंचमांश, ३५ च्या कोपऱ्यांत निम्मा.

आतां ज्या छोट्या कॅमेऱ्याचा येथें मुख्यतः विचार आहे त्याकडे वळूं. जर्मनींत वेट्झलार येथें लाइट्झ यांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञानें चलत्‌चित्राची फिल्म वापरणारा खिशांत मावेल असा कॅमेरा १९१४ च्या सुमारास बनविला. महायुद्धामुळें तो बाजारांत येण्यास १९२५ साल उजाडलें. त्याचें नांव लायका. १९३० पासून त्याचें भिंग बदलतां येऊं लागलें व ३५ मिलिमीटरचें रुंद भिंग त्याला मिळालें. १९३२ सालीं लायकाला भिंगाशीं जोडलेला अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर, बसविण्यांत आला. त्याच वर्षीं झाइस कंपनीचा काँटॅक्स निघाला. या कॅमेऱ्यांत छायाचित्रकार भिंगांतून पाहत नाहीं. वरच्या बाजूस एक स्वतंत्र खिडकी असते, तींतून तो पाहतो. थोड्या अंतरावर दुसरी लहान खिडकी असते, आणि तिचें प्रतिबिंब पहिल्या खिडकीच्या मध्यभागीं पडतें. भिंगाचें कडें फिरवून हीं दोन प्रतिबिंबें एकावर एक बसलीं कीं अंतर जुळलें. भिंगामागें आरसा नाहीं, त्यामुळें आरसा वर उडण्याचा खटका नाहीं. आणि खिडकींत चौकटीबाहेरचेंही थोडें दिसत असल्यामुळें चित्रांत कोण येऊं घातलें आहे हें आधींच कळतें. रस्त्यावरच्या, जत्रेंतल्या, होडीवरच्या चित्रांस हा कॅमेरा मानवला तो या दोन गुणांमुळें. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ १९४७ सालीं हिंदुस्थानांत आला व पुढें गांधीजींच्या अंत्ययात्रेचीं चित्रें त्यानें घेतलीं, तीं याच जातीच्या कॅमेऱ्यानें. त्याची आवड मात्र रुंद भिंगाची नव्हती. तो बहुतेक ५० मिलिमीटरवरच राहिला.

आरसा नसल्याचा एक फायदा रुंद भिंगास विशेष झाला. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगाला फिल्मपासून दूर राहावें लागतें, कारण मध्यें आरशाला हलावयास जागा हवी. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत भिंगाचा मागचा भाग फिल्मच्या अगदीं जवळ नेतां येतो. मग ग्लोबच्या वेळची ती समप्रमाण रचना येथें पुन्हां उपयोगी पडली. रशियांत विमानांतून भूमापन करण्यासाठीं मिखाइल रुसिनोव्ह यानें दोन्ही टोंकांस मोठ्या अंतर्गोल कांचा असलेलें समप्रमाण भिंग योजिलें. त्याचें पेटंट १९४६ चें. झाइससाठीं काम करणाऱ्या लुडविग बेर्टेले यानें त्याच धर्तीवर बायोगॉन हें भिंग रचलें आणि १९५४ सालीं तें २१ मिलिमीटर नाभ्यंतरांत काँटॅक्ससाठीं बाजारांत आलें. लायकासाठीं सुपर-अँग्युलॉन १९५८ सालीं निघालें. हीं भिंगें फिल्मला जवळजवळ टेंकतच. त्यांनीं काढलेली दाराची चौकट, जहाजाची डोलकाठी किंवा देवळाचा खांब कडेपर्यंत सरळ राही. रुंद कोनाच्या भिंगाचा हा सुवर्णकाळ म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र खिडकीनें स्वतःची एक मर्यादा घालून दिली. १९५४ सालच्या लायका एम-३ मध्यें ५० पेक्षां रुंद भिंगाची रेघच नव्हती. १९५७ च्या एम-२ मध्यें ३५ ची आली. २८ ची रेघ १९८० च्या सुमारास एम-४-पी मध्यें. याहून रुंद भिंग लावावयाचें तर कॅमेऱ्याच्या माथ्यावर वेगळी खिडकी बसवावी लागे : अंतर एका खिडकींत जुळवावयाचें आणि चौकट दुसरींत पहावयाची. सावकाश काम करणाऱ्याला यांत अडचण नाहीं. हलत्या लाँचवर, एका हातानें कठडा धरलेला असतांना, ती फार मोठी अडचण आहे.

मग डिजिटल युग आलें आणि जो गुण होता तोच दोष ठरला. पहिला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा जपानांतील एप्सन कंपनीचा आर-डी-१. तो २००४ सालीं निघाला. लायकाचा एम-८ २००६ सालीं आला. फिल्मवर किरण तिरपा पडला तरी फिल्म तक्रार करीत नाहीं. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मात्र प्रकाश टिपणारीं लक्षावधि सूक्ष्म घरें असतात; सोपेपणानें सांगावयाचें तर तीं लहान लहान विहिरींसारखीं असतात. दुपारीं विहिरींत ऊन तळापर्यंत जातें, सायंकाळीं तें कांठावरच अडतें. तोच प्रकार येथें. सेन्सरला जवळजवळ टेंकलेल्या बायोगॉन किंवा सुपर-अँग्युलॉन भिंगाचे किरण कडेला इतके तिरपे पडत कीं कोपरे काळवंडत, आणि एक बाजू जांभळट तर दुसरी हिरवट होई. तीस-चाळीस वर्षें ज्या भिंगांची वाहवा झाली तींच नव्या कॅमेऱ्यावर सावत्र ठरलीं. शिवाय या पहिल्या कॅमेऱ्यांचे सेन्सर लहान होते. त्यामुळें चित्राच्या कडा कापल्या जात आणि २८ मिलिमीटरचें भिंग आर-डी-१ वर ४३ सारखें, एम-८ वर ३७ सारखें पाही. रुंद भिंग विकत घ्यावें आणि पहावें मात्र साध्या भिंगासारखें! एम-८ ची आणखी एक खोड होती. तिरप्या किरणांना वाट द्यावी म्हणून सेन्सरवरची रक्षक कांच पातळ ठेविली, तर डोळ्याला न दिसणारे तांबड्यापलीकडचे किरण आंत शिरले आणि काळें कृत्रिम धाग्याचें कापड चित्रांत जांभळें दिसूं लागलें. शेवटीं भिंगावर गाळणी लावण्याचा सल्ला खुद्द कंपनीस द्यावा लागला.

२००९ सालच्या एम-९ पासून सबंध ३६ × २४ ची चौकट डिजिटल रेंजफाइंडरला मिळाली, आणि २८ चें भिंग पुन्हां २८ सारखें पाहूं लागलें. कडेचे रंग बिघडण्याचा दोष त्यावरही होता. तो कमी झाला तो हळूहळू, सेन्सरची रचना बदलत गेली तसा. २०२२ सालच्या एम-११ मध्यें प्रकाश सेन्सरच्या मागील बाजूनें घेण्याची रचना आहे. तींत त्या विहिरी उथळ झाल्या असें म्हणतां येईल. दुसऱ्या बाजूनें भिंगें करणाऱ्यांनींही आपली रचना बदलली. कोसिना या जपानी कारखान्यानें फोइग्टलेंडर या जुन्या नांवाखालीं १९९९ सालीं १५ मिलिमीटरचें एक छोटें, स्वस्त भिंग काढलें होतें. फिल्मवर तें उत्तम, डिजिटलवर रंगांची होळी. २०१५ सालीं त्यांनीं तें नव्यानें रचून मोठें केलें, किरण सेन्सरवर कमी तिरपे पडतील असें केलें, आणि दोष बव्हंशीं गेला. तात्पर्य, आज जुनें भिंग हौसेनें घेणाऱ्यानें ५० व ३५ च्या बाबतींत फारशी काळजी करूं नये. २१ किंवा त्याहून रुंद असेल आणि त्याचा मागचा कांचगोल कॅमेऱ्यांत खोल शिरत असेल, तर आधीं आपल्या कॅमेऱ्यावर एक पांढरी भिंत टिपून पहावी. भिंतीच्या दोन्ही कडा पांढऱ्या राहिल्या तरच पैसे मोजावेत.

ही सर्व हकीकत रेवसला कशी लागू पडते? रुंद भिंग लेण्यांत जन्मलें, कारण तेथें मागें सरकावयास जागा नव्हती. रेवसच्या उघड्या किनाऱ्यावर मागें-पुढें होण्यास कोणाची ना नाहीं. तेथें डोंगर, खाडी आणि पलीकडचें गांव हवें असेल तर ५० मिलिमीटरच पुरे, आणि सबंध विस्तार हवाच असेल तर एकामागून एक अशीं तीन-चार चित्रें घेऊन शेजारीं शेजारीं लावावींत. एकोणिसाव्या शतकांतले छायाचित्रकार बंदरांचे आणि शहरांचे लांबलचक देखावे असेच कांचा जोडून तयार करीत. परंतु खाडी उतरणाऱ्या लाँचवर पाय ठेवला कीं परिस्थिति पालटते. तेथें मागें सरकावें तर पाण्यांत पडावें लागेल. मासळीच्या पाट्या, भाजीचे हारे, दोरांनीं बांधलेल्या मोटारसायकली, शाळेचीं दप्तरें आणि माणसें हात-दीड हातावर एकमेकांना खेटून असतात. लाँचचा डेक हें रेवसचें लेणें होय. रुंद कोनाचें भिंग हवें तें येथें.

या डेकवरच्या गर्दीला एक जुनी आठवण चिकटलेली आहे. १७ जुलै १९४७ या दिवशीं, ऐन पावसाळ्यांत, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ वादळांत उलटून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. सणासाठीं घरीं निघालेल्या लोकांनीं बोट खच्चून भरलेली होती. स्वातंत्र्याच्या आधल्या महिन्यांतला तो घाला या किनाऱ्यावरचीं घरें अजून विसरलेलीं नाहींत. लाटेच्या भयानें लोक एका बाजूस धांवले आणि बोट कलली असें सांगतात. त्या एका वाक्यांत ज्या दाटीची कल्पना येते तिचें खरें माप दूरून घेतलेल्या बोटीच्या चित्रांत सांपडणार नाहीं. दूरून बोट नेहमींच सुबक दिसते. माणसाला माणूस किती टेंकलेलें असतें, कठड्याची उंची किती, सामान कोठें आणि पाणी किती जवळ, हें दाखवावयाचें तर त्या दाटींत उभें राहूनच चित्र घ्यावें लागतें.

तेव्हां प्रश्न उरतो तो ३५, २८ आणि २१ यांमधल्या निवडीचा. दीड मीटर अंतरावरून ३५ चें भिंग आडवें सुमारें दीड मीटर रुंदीचें पाहतें, म्हणजे बाकावर बसलेलीं तीन माणसें. २८ चें जवळजवळ दोन मीटर, म्हणजे तींच तीन माणसें आणि बाजूची पाटी किंवा कठड्यावरचा हात. २१ चें अडीच मीटरांहून थोडें अधिक. २१ चें भिंग येथें मोह घालतें. परंतु कोन रुंद झाला म्हणजे चौकटीच्या कडेला असलेली गोल वस्तु बाहेरच्या बाजूस ताणली जाते. हिशेबानें पाहिलें तर २१ च्या अगदीं कडेला आलेलें तोंड सुमारें तीस टक्के रुंद होतें, २८ च्या कडेला वीस टक्क्यांच्या आंत, ३५ च्या कडेला बारा टक्के. लेण्याच्या खांबाला याचें कांहीं वाटत नाहीं. करंजाच्या कोळणीला स्वतःचें पसरलेलें तोंड पाहून वाटेल, आणि तिचें वाटणें बरोबर असेल. ज्यांचें चित्र ठेवावयाचें त्यांचा उपहास करणारें चित्र ठेवूं नये, एवढें पथ्य पाळावयाचें तर २१ चें भिंग डेकसाठीं बाद होतें. तें लाँच रिकामी असतांना, तिचें लांकूड, सुकाणूं आणि इंजिनाची जागा टिपण्यास ठेवावें.

३५ आणि २८ यांत मतभेदास जागा आहे. ३५ ची चौकट खिडकींत प्रशस्त दिसते, चष्मा लावणाऱ्यासही सबंध दिसते, आणि बहुतेक छायाचित्रकार आयुष्यभर तेवढ्यावर भागवितात. २८ ची रेघ खिडकीच्या अगदीं कडांवर असते. चष्मेवाल्यास डोळा इकडे तिकडे फिरवावा लागतो, आणि भिंगाची झांकण-पट्टी लांब असेल तर ती एका कोपऱ्याच्या आड येते. एवढें असूनही रेवसच्या लाँचसाठीं २८ चीच शिफारस करावी लागते, आणि ती दोन कारणांनीं. पहिलें वर आलेंच : त्या जादा अर्ध्या हातांत माणसाबरोबर त्याचें सामान व त्यामागचें पाणीही येतें, आणि लाँचवरच्या माणसाचें चित्र पाण्यावांचून घेतलें तर तें एस.टी.च्या बांकावरही घेतलें असें वाटेल. दुसरें कारण अंतर जुळविण्याचें. २८ च्या भिंगाचें छिद्र आठ या आंकड्यावर ठेवून अंतर सुमारें सवातीन मीटरांवर लावलें कीं एक मीटर साठ सेंटिमीटरांपासून थेट क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट येतें. ३५ ला हीच सोय अडीच मीटरांच्या पुढें मिळते, ५० ला पांच मीटरांच्या पुढें. हलत्या डेकवर दोन प्रतिबिंबें जुळवीत बसण्यापेक्षां हें बरें. कडें एकदां लावून द्यावें आणि डोळा माणसांवर ठेवावा. ज्या अंतरमापकावरून या कॅमेऱ्याला नांव मिळालें त्याचा उपयोग येथें करावयाचा नाहीं, ही गंमत खरी. पण रुंद भिंगाच्या बाबतींत जुने वृत्तपत्र-छायाचित्रकार असेंच करीत.

भिंग एकच न्यावें. खाऱ्या वाऱ्यांत भिंग काढलें-घातलें कीं सेन्सरवर मिठाचा कण बसतो आणि पुढच्या प्रत्येक चित्राच्या आकाशांत त्याचा डाग उमटतो. भिंगापुढें साधी कांच असूं द्यावी व ती गोड्या पाण्याच्या फडक्यानें पुसावी. रुंद भिंगाचा कॅमेरा वर-खालीं कलला तर उभ्या रेघा पडूं लागतात, म्हणून तो छातीच्या उंचीवर सरळ धरावा. क्षितिज मात्र लाँचबरोबर थोडें कललें तरी चालेल, तें खाडींत कलतेंच.

वेळेचीही निवड आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येथें भरती-ओहोटीचा फरक चार मीटरांच्या घरांत जातो. ओहोटीला लाँच धक्क्याच्या खूप खालीं असते, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि वरून खालीं पाटी देणारे हात व खालून वर घेणारे हात एकाच चौकटींत येतात. हें चित्र लाँचच्या टोंकावरून, डेकवर पाय रोवून, २८ नेंच घेतां येतें. भरतीला तीच लाँच धक्क्याच्या बरोबरीस येते आणि लोक सरळ पाऊल टाकून उतरतात, तेंही घ्यावें. करंजाकडे जातांना पुढें कधीं पुलाचे खांब चौकटीच्या कडेला येतील. ते टाळूं नयेत. चित्र कोणत्या सालचें हें पुढें पाहणाऱ्यास त्यांच्या उंचीवरून कळेल.